परवाना आणि परवानगी : पेटंट कायद्याच्या कलम ३९ची एक चिकित्सा

प्रास्ताविक

कायद्याचा मजकूर हाही एक मजकूरच असतो. कविता किंवा कथा तपासताना शब्दांची निवड, वाक्यातील अन्वय, गाळलेल्या जागा आणि वाचकावर होणारा परिणाम पाहिला जातो. कायद्याच्या कलमाकडे मात्र भाषेचे अध्यापक सहसा या दृष्टीने पाहत नाहीत. ते काम वकिलांचे, अशी समजूत आहे. परंतु ज्या कलमातील एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला तर अध्यापकाचे संशोधन मातीमोल होऊ शकते आणि प्रसंगी तुरुंगवासाचीही तरतूद लागू होऊ शकते, ते कलम अध्यापकांनी स्वतः वाचणे गरजेचे ठरते. भारतीय पेटंट अधिनियम १९७० मधील कलम ३९ हे असे एक कलम आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने आपल्या शोधासाठी परदेशात पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी कोणती अट पाळावी, हे ते सांगते.

सुरतेसारख्या शहरात हा विषय केवळ पुस्तकी राहत नाही. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडणारे, कृत्रिम धाग्याच्या कापडाचे आणि जरीचे हे शहर. येथील कारखान्यांत, अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांत रोज काही ना काही नवे घडत असते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे यंत्रांवर काम करतात. रांदेर व जुन्या सुरतेतील मुस्लिम कुटुंबांचे नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या परदेशात आहेत. या कुटुंबांतील मुले आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहेत. त्यांचे मार्गदर्शक अध्यापक ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ हा शब्द वारंवार ऐकतात, परंतु त्या शब्दाच्या दारावर असलेली पाटी फार थोड्यांनी वाचलेली असते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती पाटी वाचणे आणि तिच्यातील गुणदोष तपासणे हा आहे.

कलम काय सांगते?

कलमाचा आशय साध्या शब्दांत असा. भारतातील रहिवासी असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पेटंट नियंत्रकाचा लेखी परवाना असल्याशिवाय भारताबाहेर पेटंटचा अर्ज करू नये किंवा करवू नये. याला एक पर्याय आहे. त्याच शोधासाठी भारतात आधी अर्ज केलेला असेल, त्याला किमान सहा आठवडे झाले असतील आणि त्या अर्जाबाबत कलम ३५ खाली गुप्ततेचा आदेश निघालेला नसेल किंवा निघालेला आदेश मागे घेतला गेला असेल, तर वेगळ्या परवान्याची गरज नाही.

म्हणजे दोन वाटा आहेत. पहिली वाट : आधी भारतात अर्ज, मग सहा आठवड्यांची प्रतीक्षा, नंतर परदेश. दुसरी वाट : नमुना २५ भरून परवाना मागणे. या अर्जात शोधाचे नाव, त्याचे थोडक्यात वर्णन, शोधकर्त्यांची नावे, कोणत्या देशांत अर्ज करायचा ते देश आणि तसे करण्याचे कारण द्यावे लागते. नियम ७१ प्रमाणे अशा अर्जाचा निकाल सामान्यतः २१ दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे. शोध संरक्षण किंवा अणुऊर्जेशी संबंधित असेल, तर केंद्र सरकारच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही आणि ते २१ दिवस संमती मिळाल्यापासून मोजले जातात. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना १६०० रुपये आणि इतरांना ८००० रुपये आहे. शिक्षणसंस्थांना ही सवलत २०२१ च्या नियमदुरुस्तीने मिळाली.

उल्लंघनाचे परिणाम तीन ठिकाणी विखुरलेले आहेत. कलम ४० नुसार भारतातील अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. पेटंट मिळून गेले असेल तर ते कलम ६४ खाली रद्द होऊ शकते. कलम ११८ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जो वाचक केवळ कलम ३९ वाचून थांबेल, त्याला शिक्षेचा अंदाजही येणार नाही. कलमांच्या रचनेतील हा पहिला दोष म्हणावा लागेल.

शब्दांची चिकित्सा

या कलमाचे मर्म ‘लेखी परवाना’ या शब्दांत आहे. मराठी भाषेने फारसीकडून ‘परवाना’ आणि ‘परवानगी’ हे दोन्ही शब्द घेतले आणि त्यांच्यात एक उपयुक्त भेद राखला. परवानगी ही तोंडी असू शकते, गृहीत धरता येते, डोळ्यांच्या इशाऱ्यानेही मिळते. परवाना हा कागद असतो; तो दाखवावा लागतो. उर्दू गझलेतील परवाना शमेभोवती जळणारा पतंग आहे, तर दिवाणी कारभारातील परवाना हा हुकमाचा कागद आहे. प्राचार्यांची संमती, विद्यापीठाचे ना हरकत पत्र किंवा संशोधन समितीचा ठराव ही सर्व परवानगी झाली. कलमाला हवा आहे तो परवाना, आणि तो देण्याचा अधिकार फक्त पेटंट नियंत्रकाकडे आहे. मराठी वाचकाला हा भेद शिकवावा लागत नाही. तो भाषेतच आहे. फक्त तो कलमाला लावून पाहायला हवा.

दुसरा शब्द ‘रहिवासी’. हे कलम नागरिकत्व विचारत नाही, शोध कोठे लागला हेही विचारत नाही. ते विचारते, अर्ज करणारा भारतातील रहिवासी आहे काय? आणि रहिवासी कोण, याची व्याख्या पेटंट अधिनियमात कोठेही नाही. व्यवहारात आयकर कायद्यातील दिवसांच्या मोजणीचा आधार घेतला जातो; पण कर आकारणीसाठी केलेली मोजणी शोधाच्या गुप्ततेला का लावावी, याचे उत्तर अधिनियमात मिळत नाही. येथे फिकहची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुकीम कोण आणि मुसाफिर कोण, हा प्रश्न नमाजच्या संदर्भात आला तेव्हा फकीहांनी तो संदिग्ध ठेवला नाही. हनफी फिकहनुसार एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याची नियत असेल तर माणूस मुकीम ठरतो. नियम पाळणाऱ्याला आपली स्थिती स्वतः ओळखता यावी, हा त्यामागचा विचार आहे. ज्या कायद्यात कैदेची शिक्षा आहे, त्याने आपल्या वाचकाला निदान एवढी स्पष्टता द्यायला हवी.

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, रांदेरचा एक तरुण इंग्लंडमध्ये नोकरी करतो आणि त्याचा भाऊ सुरतेच्या महाविद्यालयात शिकवतो. दोघांनी फोनवर चर्चा करत पाणी शुद्ध करण्याचे एक साधन तयार केले. इंग्लंडमधील भावाने तेथे पहिला अर्ज केला. कलम ३९ चे तिसरे पोटकलम म्हणते की, भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीने ज्या शोधासाठी पहिला अर्ज परदेशात केला, त्याला हे कलम लागू नाही. पण येथे शोधकर्ते दोन आहेत आणि त्यांपैकी एक भारतात राहतो. त्याने अर्ज ‘करवला’ असे म्हणायचे की नाही? पोटकलम फक्त बाहेर राहणाऱ्याचा विचार करते. दोन देशांत वाटल्या गेलेल्या शोधाचा विचार त्यात नाही. अशा स्थितीत भारतातील भावाने आधी परवाना घेणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

तिसरा शब्दसमूह ‘तोच शोध’. भारतात प्राथमिक तपशिलासह अर्ज केला, सहा आठवडे उलटले, नंतर प्रयोगशाळेत सुधारणा झाली आणि सुधारित स्वरूपासह परदेशात अर्ज केला, तर तो तोच शोध मानायचा काय? पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर बारा महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज केला तर पहिल्या तारखेचा अग्रहक्क मिळतो. या बारा महिन्यांत संशोधन थांबत नाही. उलट ते त्याच काळात वेग घेते. जो भाग भारतातील अर्जात नव्हता, त्याला पहिल्या वाटेचे संरक्षण मिळत नाही असे मानूनच चालावे लागते. म्हणून नवा भाग आधी भारतात दाखल करावा किंवा त्याच्यासाठी परवाना घ्यावा.

चौथा मुद्दा ‘पेटंट’ या शब्दाचाच. कित्येक देशांत पेटंटबरोबर ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा एक लहान, सहज मिळणारा हक्क असतो. भारतात तो नाही. अमेरिकेच्या कायद्यात परदेशी अर्जाची अट सांगताना युटिलिटी मॉडेल आणि औद्योगिक डिझाइन यांचा नावानिशी उल्लेख केलेला आहे. भारतीय कलम फक्त ‘पेटंट’ म्हणते. मग जर्मनीतील युटिलिटी मॉडेलच्या अर्जाला हे कलम लागू होते की नाही? मजकूर मौन पाळतो. साहित्यात मौन हा गुण असू शकतो. दंडविधानात तो दोषच आहे.

कलमाचा पूर्वेतिहास

परदेशी जाण्यासाठी कागद मागण्याची पद्धत सुरतेला नवी नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचा परवाना दिल्याशिवाय हिंदी महासागरात जहाजे जाऊ देत नसत. सुरतेहून तांबड्या समुद्राकडे, हज यात्रेकरू घेऊन जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. १६१३ मध्ये सम्राट जहांगीरच्या मातोश्री मरियम-उझ-झमानी यांचे ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ जवळ असतानाही पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. त्यातून मोगल आणि पोर्तुगीज यांच्यात उघड संघर्ष झाला. या घटनेचा आणि कलम ३९ चा थेट संबंध नाही. कार्ताझ ही परक्या सत्तेची खंडणी होती, तर कलम ३९ हा स्वतःच्या संसदेने केलेला कायदा आहे. दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु एक धडा समान आहे. कागद मागणाऱ्यावरही कागदाची जबाबदारी असते.

भारतातील पेटंट कायद्याची सुरुवातही परवानगीच्याच एका गमतीशीर प्रसंगाने झाली. १८५६ चा सहावा कायदा हा या देशातील पहिला पेटंट कायदा. कलकत्त्याचे अभियंता जॉर्ज अल्फ्रेड डिपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी त्याखाली पहिला अर्ज केला. पण हा कायदा करताना ब्रिटिश राणीची पूर्वसंमती घेतलेली नव्हती, म्हणून १८५७ मध्ये तो रद्द करावा लागला आणि १८५९ मध्ये नवा कायदा आणावा लागला. सरकारची ही चूक मात्र दुरुस्त होण्याजोगी मानली गेली. तिच्यासाठी नवा कायदा करून वाट मोकळी केली गेली. नागरिकाच्या तशाच चुकीला कलम ४० मध्ये अशी वाट नाही, ही विसंगती नोंदवण्यासारखी आहे.

मराठी समाजाला या इतिहासात डॉ. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे नाव विसरता येणार नाही. मुंबईत जन्मलेल्या या संशोधकाने अक्षरांचे खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र तयार केले आणि इंग्लंड व अमेरिकेत आपल्या शोधांची पेटंटे घेतली. त्या काळी त्यांच्यासमोर आजच्यासारखे कलम नव्हते. त्यांच्यासमोर भांडवलाची भिंत होती. दादाभाई नौरोजी, गोखले आणि टाटा यांच्यासारख्यांचे साहाय्य मिळूनही ती पूर्णपणे ओलांडता आली नाही. आज परदेशी अर्ज करू पाहणाऱ्या अध्यापकासमोर भांडवलाची भिंत आहेच. तिच्याआधी कलमाचा उंबरठा आहे. उंबरठा लहान आहे, पण न पाहता चालणाऱ्याला तोच आडवा येतो.

परदेशी अर्जावरील बंधनाचा उगम युद्धकालीन गुप्ततेत आहे. ब्रिटनच्या १९४९ च्या पेटंट कायद्यात हे बंधन होते आणि १९७७ च्या कायद्यानेही ते ठेवले. सहा आठवड्यांची मुदत तेथूनच आपल्याकडे आली. अमेरिकेने १९५१ मध्ये शोधांच्या गुप्ततेचा कायदा केला. भारताच्या १९७० च्या अधिनियमात कलम ३९ होतेच. त्याचे आजचे रूप २००५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी २००५ पासून लागू झाले. त्याच दिवसापासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार औषधांसह सर्व वस्तूंना पेटंट देणे भारताला बंधनकारक झाले होते. दारे उघडण्याच्या क्षणीच एका दाराला कडी घातली गेली, असे याचे वर्णन करता येईल.

कडी अनावश्यक आहे काय?

काही टीकाकार हे कलम सरसकट काढून टाकावे असे म्हणतात. ती भूमिका स्वीकारता येत नाही. सुरतेचेच उदाहरण घ्यावे. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांचे हे शहर मोठे केंद्र झाले आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा हिऱ्यांच्या संशोधनासाठी एका आयआयटीला पाच वर्षांचे अनुदान जाहीर झाले. कृत्रिम हिरा म्हणजे केवळ दागिना नव्हे. शक्तिशाली लेझरच्या खिडक्या, इलेक्ट्रॉनिक साधने आणि सूक्ष्म संवेदक यांतही त्याचा उपयोग होतो. त्यामुळे दागिन्यासाठी सुरू झालेला शोध संरक्षणाच्या उपयोगाचा ठरू शकतो. तो कोणत्या क्षणी तसा ठरला, हे संशोधकाला नेहमी कळतेच असे नाही. अशा वेळी राज्याने एकदा कागद पाहावा, ही अपेक्षा रास्त आहे. शुल्क माफक आहे, मुदत थोडी आहे. अटीचा भार मुळात जड नाही.

एका क्षेत्रातील कौशल्य दुसऱ्या क्षेत्रात कसे पोहोचते, याचेही उदाहरण याच शहरात आहे. हिरे कापण्याच्या लेझर यंत्रांपासून सुरुवात केलेल्या सहजानंद समूहातून पुढे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवण्याचे स्टेंट तयार करणारी सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज उभी राहिली. तिच्या सुप्राफ्लेक्स स्टेंटच्या युरोपातील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. पेटंटचा हक्क देशापुरता असतो. भारतातील पेटंट युरोपात किंवा चीनमध्ये नक्कल थांबवू शकत नाही. ज्या शहराची बाजारपेठ जग आहे, त्या शहरातील संशोधकाला परदेशी अर्ज ही चैन नसून गरज आहे. म्हणून प्रश्न कडी असावी की नाही हा नसून, ती कशी असावी हा आहे.

अज्ञान आणि अपराध

कलमाचा सर्वांत गंभीर दोष येथे आहे. देशाचे रहस्य बाहेर देणारा आणि नियम माहीत नसल्याने दोन आठवडे आधी अर्ज करणारा, या दोघांत ३९, ४० आणि ११८ ही कलमे शब्दशः भेद करत नाहीत. चूक लक्षात आल्यानंतर मागील तारखेपासून परवाना मिळवण्याची सोयही भारतीय कायद्यात नाही. अमेरिकेत अनवधानाने असा अर्ज झाला आणि शोध गुप्ततेच्या कक्षेत येत नसेल, तर मागाहून परवाना मिळू शकतो. ब्रिटनने २००४ च्या कायद्याने हे बंधन लष्करी तंत्रज्ञान आणि राष्ट्रीय किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांच्याशी संबंधित शोधांपुरते मर्यादित केले आणि जाणूनबुजून वा बेफिकिरीने केलेल्या उल्लंघनालाच अपराध मानले. ज्या कायद्यातून आपण हे कलम घेतले, त्या कायद्याने स्वतःला सुधारले. आपण जुनीच प्रत सांभाळून आहोत.

मराठीने ‘नियत’ हा शब्द अरबीतून घेतला आणि ‘नियत साफ असणे’ हा वाक्प्रचार घडवला. कृतीचे मूल्य नियतीवरून ठरवावे, हा विचार इस्लामी परंपरेत पायाभूत आहे आणि आधुनिक फौजदारी न्यायालाही तो अपरिचित नाही. मग स्वयंपाकघरातील साधनाचा शोध आणि क्षेपणास्त्राचा शोध यांना एकच शिक्षा लागू करणाऱ्या मजकुरात नियतीला जागा का नसावी? मोठ्या कंपनीकडे पेटंट वकिलांची फौज असते. ती या कलमात क्वचितच अडकते. अडकण्याचा धोका आहे तो एकट्या संशोधकाला, लहान कारखानदाराला आणि महाविद्यालयातील अध्यापकाला. जाळे मोठ्या माशासाठी विणलेले असताना त्यात लहान मासे सापडावेत, असा हा प्रकार आहे.

गुणांची हाव आणि मध्यस्थांचा बाजार

सर्व दोष कलमाला देऊन शिक्षणक्षेत्राला मोकळे होता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांकनात आंतरराष्ट्रीय पेटंटला १० आणि राष्ट्रीय पेटंटला ७ गुण ठेवले गेले. तीन गुणांच्या या फरकाने एक बाजार उभा केला. ठरावीक रक्कम घेऊन आठ-दहा अध्यापकांची नावे एका ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’वर घालून देणारे मध्यस्थ पुढे आले. ऑस्ट्रेलियातील ‘इनोव्हेशन पेटंट’ त्यांच्या विशेष आवडीचे होते, कारण ते सखोल तपासणीशिवाय मंजूर होत असे. ऑगस्ट २०२१ नंतर ऑस्ट्रेलियाने असे नवे अर्ज घेणे बंद केले. त्यानंतर जर्मनीतील युटिलिटी मॉडेल आणि ब्रिटनमधील डिझाइन नोंदणी यांचा पुरस्कार होऊ लागला. डिझाइन नोंदणी वस्तूच्या बाह्य रूपाची असते; ती पेटंट नव्हेच.

या व्यवहारात ज्या अध्यापकाचे नाव शोधकर्ता म्हणून छापले जाते, तो भारताचा रहिवासी असतो. अर्ज परदेशात झालेला असतो. भारतात आधी अर्ज केला होता काय? सहा आठवडे उलटले होते काय? नमुना २५ भरला होता काय? हे तीन प्रश्न मध्यस्थ विचारत नाही आणि पुष्कळदा अध्यापकही विचारत नाही. प्रमाणपत्र सेवापुस्तिकेत लागते, गुण मिळतात. पण त्याच कागदावर कलम ३९ च्या उल्लंघनाचा पुरावाही सहीशिक्क्यानिशी तयार झालेला असू शकतो. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर कलमाच्या शब्दांत बसत नाही, हे वर पाहिलेच आहे.

गुजरात शासनाने २०१७ मध्ये विद्यार्थी स्टार्टअप व नवोन्मेष धोरण आणले आणि २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती जाहीर केली. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला पेटंटसाठी साहाय्य मिळू लागले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र साहाय्याबरोबर क्रमाचे शिक्षण हवे. कोणते पाऊल आधी आणि कोणते नंतर, हे न शिकवता दिलेला निधी विद्यार्थ्याला अडचणीत टाकू शकतो.

भाषेचा अडसर

पेटंटची कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच दाखल करता येतात. सुरतेचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो. म्हणजे ज्या कार्यालयाभोवती मराठी आणि ज्या अर्जदाराभोवती गुजराती, मराठी, उर्दू बोलली जाते, त्यांच्यातील व्यवहार यांपैकी एकाही भाषेत होत नाही. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा चालवते. या शाळांतून शिकून विज्ञान शाखेकडे गेलेल्या विद्यार्थ्याला कलम ३९ प्रथम भेटते ते इंग्रजीतील एका लांबलचक, दुहेरी नकारांनी भरलेल्या वाक्यात. ‘करू नये, असल्याखेरीज, जोपर्यंत नाही’ अशा पायऱ्या उतरताना इंग्रजीचा चांगला जाणकारही अडखळतो.

शासकीय परिभाषेत पेटंटला ‘एकस्व’ म्हणतात. शब्द सुबक आहे, पण वापरात नाही. जुन्या मराठीत मक्ता आणि इजारा हे शब्द होते. ते महसुलाच्या ठेक्याशी जोडले गेल्याने येथे चालणार नाहीत. ‘पेटंट’ हाच शब्द सुरतेच्या बाजारात रूढ आहे आणि तो तसाच ठेवावा. शब्द कोणताही असो, त्याबरोबरचा नियम लोकांच्या भाषेत पोहोचणे महत्त्वाचे. येथे भाषेच्या अध्यापकांची जबाबदारी सुरू होते. विज्ञान शाखेच्या सहकाऱ्याबरोबर बसून दोन पानांचे मराठी, गुजराती आणि उर्दू पत्रक तयार करणे हे भाषा विभागाच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्याचा उपयोग कोणत्याही औपचारिक चर्चासत्राहून अधिक होईल.

दुसरा उंबरठा

युनानी, आयुर्वेद, वनस्पतिशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शोध भारतातील जैविक संसाधनावर आधारलेला असेल, तर जैवविविधता अधिनियम २००२ चे कलम ६ लागू होऊ शकते आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंध येतो. २०२३ च्या दुरुस्तीने भारतीय अर्जदारांसाठी मंजुरीऐवजी पेटंट मिळण्यापूर्वी नोंदणी आणि व्यापारी उपयोगाच्या वेळी मंजुरी असा बदल केला. पेटंट भारतात मागितले काय किंवा बाहेर, हे बंधन दोन्हीकडे आहे. नमुना २५ वरचा परवाना या दुसऱ्या कायद्यातून सुटका देत नाही. दोन कायदे, दोन कार्यालये, दोन कागद. एकाने दुसऱ्याची आठवण करून द्यावी अशी व्यवस्था अर्जदाराच्या हिताची ठरेल.

निष्कर्ष

कलम ३९ चा हेतू योग्य आहे, अट सौम्य आहे आणि शुल्क परवडणारे आहे. दोष मजकुरात आणि शिक्षेच्या रचनेत आहेत. त्या दृष्टीने तीन सुधारणा आवश्यक वाटतात. एक, ‘रहिवासी’ची व्याख्या अधिनियमातच असावी आणि वेगवेगळ्या देशांतील सहशोधकर्त्यांसाठी स्वतंत्र तरतूद असावी. दोन, अनवधानाने झालेल्या आणि संरक्षणाशी संबंध नसलेल्या उल्लंघनासाठी मागाहून परवाना देण्याची सोय असावी. तीन, कैदेची शिक्षा जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनापुरती मर्यादित असावी.

कायदा बदलेपर्यंत महाविद्यालयांच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. शोध प्रसिद्ध करण्यापूर्वी भारतात अर्ज करावा आणि अर्जाची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. त्या तारखेपासून सहा आठवडे पूर्ण झाल्याखेरीज परदेशी अर्ज करू नये. घाई असेल तर नमुना २५ भरून लेखी परवाना हातात येईपर्यंत थांबावे. जिनिव्हाच्या कार्यालयात थेट केलेला आंतरराष्ट्रीय अर्ज हाही भारताबाहेरचाच अर्ज समजावा. मध्यस्थाने आणलेल्या कागदावर नाव घालण्यापूर्वी त्याच्याकडे भारतीय अर्जाचा क्रमांक किंवा परवान्याची प्रत मागावी. ती तो देऊ शकत नसेल, तर ते दहा गुण नाकारणेच अध्यापकाच्या हिताचे आहे. महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षानेही सेवापुस्तिकेत परदेशी पेटंटची नोंद करताना हीच प्रत मागण्याचा नियम केला, तर अध्यापकाची चूक महाविद्यालयातच लक्षात येईल आणि पुढचे नुकसान टळू शकेल.